मोजणीआधीचं सोवळं

पहिल्या मोजणीच्या दिवशी ऋजुताने माझा हात धरला आणि आमचा दावा तिथेच निम्मा झाला.

तिचा काय दोष? मी खुर्चीत बसलो होतो. डोक्यावर ती तारांच्या जाळीची टोपी, उजव्या हातात नेहमीची आग. यंत्र चालवणाऱ्या नाझनीन इनामदार माझ्या डाव्या दंडाला धातूची चकती लावून ती हळूहळू तापवत होत्या. प्रत्येकाला किती गरम म्हणजे गरम, हे यंत्राला आधी कळावं लागतं म्हणे. मी दात आवळले. ते बघून ऋजू, माझी बायको, पुढे झाली आणि तिने माझा डावा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला, घरी घेते तसा. ती मार्केट यार्डाजवळ हळद तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे तिच्या नखांच्या कडा बारा महिने पिवळ्या. मी त्या पिवळ्या कडांकडे बघत राहिलो आणि समोरच्या पडद्यावरचा वेदनेचा आकडा अठ्ठ्याहत्तरवरून घसरत घसरत एकेचाळीसवर येऊन थांबला.

विमा कंपनीचे वकील तारळेकर तोवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. त्यांनी मान वर केली.

"मॅडम, हे रेकॉर्डवर आलं ना?" त्यांनी नाझनीनबाईंना विचारलं. आवाज अगदी गोड.

आता थोडं मागचं सांगतो. मी सम्मेद मगदूम. सांगलीत ‘मगदूम मोटार ड्रायव्हिंग स्कूल’ चालवायचो. हसू नका. निम्म्या गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या तरी पोरांना क्लच-ब्रेक आलंच पाहिजे असं मानणारे बाप गावात शिल्लक होते, त्यांच्या जिवावर माझं बरं चाललं होतं. दोन वर्षं होत आली, मार्चअखेरीला मिरज रस्त्यावर एका बिनचालकाच्या मालट्रकला माझी गाडी दिसली नाही. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याला ड्रायव्हर नसलेल्या ट्रकने उडवलं, हा विनोद सगळ्या गावाचा करून झाला आहे, तुम्ही नवा करू नका. स्टिअरिंगवरची शिकाऊ मुलगी सुखरूप राहिली. माझ्या उजव्या हाताच्या नसा मात्र मानेपाशी, मुळातूनच उपटून निघाल्या.

हात लोंबतो. त्याला स्पर्श कळत नाही, चिमटा काढलेला कळत नाही. पण दुखतो. चोवीस तास भाजत असतो, आणि मधेच खांद्यापासून बोटांपर्यंत अशी कळ जाते की हातातला कप खाली पडतो, तोही डाव्या हातातला. गोळ्या घेतल्या की आग निवते, जात नाही.

पुण्यात यावर एक यंत्र बसवतात. मणक्याजवळ, नखाएवढं. वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोचायच्या आत ते तो मारून टाकतं. पण ते अपघातापासून दोन वर्षांच्या आत बसवावं लागतं. त्यानंतर मेंदू ते दुखणं स्वतःच पाठ करून टाकतो, मग निरोप अडवून काही उपयोग नाही. यंत्र, शस्त्रक्रिया आणि जन्मभराची देखभाल धरून जो खर्च येत होता, तो आमचं घर आणि दोन शिकवणीच्या गाड्या विकूनही भागला नसता. सगळी आशा त्या दाव्यावर होती.

असल्या दाव्यात न्यायाधिकरण काय करतं, हे मला आता तोंडपाठ आहे. आधी माणसाची कमाई बघतात, हात किती टक्के गेला ते बघतात, वयाप्रमाणे गुणतात. तारळेकरांनी तिथे सिद्ध केलं की दहा वर्षांत गाडी शिकायला काळं कुत्रंही येणार नाही, म्हणजे माझी बुडालेली कमाई मुळात बुडणारच होती. मग उरलं एकच कलम, वेदना आणि यातना. पूर्वी हे कलम न्यायाधीश अंदाजाने भरायचे. रडणाऱ्याला जास्त, गप्प बसणाऱ्याला कमी. एका जिल्ह्यात एक, शेजारच्या जिल्ह्यात त्याच्या चौपट. यावर ओरड झाली आणि टोपी आली. आकडा सत्तरच्या वर असेल तर उपचाराचा सगळा खर्च कंपनीने द्यायचा. खाली असेल तर ठरावीक ठोक रक्कम, जिच्यात माझं पुण्याला जाऊन परत येणं झालं असतं.

नाझनीनबाईंनी मला ते टोपीचं यंत्र समजावून सांगितलं होतं. बाई शांत, एखादी गोष्ट दोनदा विचारली तरी कपाळाला आठी नाही.

"वेदना मेंदूत एका खोलीत राहत नाही, मगदूम. ती आली की पाच-सहा ठिकाणी एकदम दिवे लागतात. कुठले दिवे, किती मोठे, याचा एक ठसा असतो. लाखो रुग्णांचे ठसे या यंत्राने बघितलेत. त्यावरून ही वरची रेघ आणि हा आकडा."

"आणि ही खालची रेघ?"

"ती प्रयत्नाची. तुम्ही मुद्दाम दुःख उगाळायला लागलात किंवा दाबायला लागलात, तर कपाळामागचा भाग कामाला लागतो आणि ही रेघ उठते. ती उठली तर मोजणी बाद, आणि दावाही. इथे नाटक चालत नाही."

मग मी ऋजूच्या हाताचं विचारलं.

"मेंदू अंदाजावर चालतो. संकट आलं की आधी बघतो, मी एकटा आहे की सोबत कुणी आहे? भरवशाचं माणूस जवळ असलं तर निम्मं ओझं तो त्याच्यावर टाकून मोकळा होतो. दुखापत तेवढीच राहते. दुखणं मात्र खरोखर कमी होतं, मनाचे खेळ नव्हेत ते."

"सगळ्यांचंच होतं असं?" ऋजूने विचारलं.

"छे! काही बायकांचा आकडा नवरा खोलीत आला की चढतो."

घरी येताना रिक्षात ऋजू खुशीत होती. "सदतीस!" ती सारखी म्हणत होती. "सदतीस आकडे उतरवते मी! आणि तुझी आई म्हणायची, हिच्या हाताला चव नाही." लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण बायको लाजलेली मी त्या दिवशी पुष्कळ दिवसांनी बघितली. त्या रिक्षात मला फार बरं वाटलं होतं, हे इथे सांगून ठेवतो.

पुढच्या तारखेला तारळेकर उभे राहिले. "अर्जदाराने आपलं नुकसान होता होईल तो आटोक्यात ठेवावं, हे कायद्याचं जुनं तत्त्व आहे. या अर्जदाराच्या घरातच औषध आहे. फुकटचं आहे आणि रोज मिळणारं आहे. तेव्हा खरा आकडा एकेचाळीसच धरावा."

आमच्या वकील शालन बिरनाळे उसळल्या. "बायको म्हणजे काय गोळी आहे, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर घ्यायला?"

सगळे हसले. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी आदेश दिला की अंतिम मोजणी भर कोर्टात होईल. आधी अर्जदार एकटा, मग पत्नीचा हात हातात. हाताने आकडा उतरला, तर उतरलेलाच धरला जाईल. आणि मोजणीआधी तीन आठवडे रक्तात वेदनाशामक गोळीचा अंशही नको.

बिरनाळेबाईंचं ऑफिस कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानावर आहे. त्यांनी आम्हा दोघांना बसवलं आणि दार लावून घेतलं.

"आता सोवळं पाळायचं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, बाईंनी काही नवस बोललाय. पण कोर्टाच्या आवारात तो शब्द रुळलेला होता. मोजणीच्या आधी अर्जदाराला घरच्यांनी शिवायचं नाही. पाठीवर हात नाही, डोकं चेपणं नाही, शेजारी बसणं नाही. भरवशाच्या स्पर्शाची मेंदूची सवय तुटली की आकडा उतरत नाही, असं वकिलांच्या अनुभवाला आलं होतं. चहाच्या टपरीवर लोक सर्रास बोलायचे, ‘त्याला हात लावू नका, तो सोवळ्यात आहे.’ आमच्या जैन घरात मुनिमहाराज आहाराला, म्हणजे जेवायला, आले की आई असंच ओल्या साडीत, कुणाला शिवू न देता वावरायची. मला हसू आलं. ऋजूला नाही आलं.

"कायद्यात बसतं हे?" तिने विचारलं.

"नवऱ्याचा हात धरायलाच पाहिजे असा कायदा नाही, बाई. आणि गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा. यांच्या ताब्यात नको. भलेभले मागतात. रडतात. द्यायच्या नाहीत."

"तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे की," मी म्हणालो. मला काय माहीत.

पहिले दिवस आम्ही थट्टेत काढले. ऋजू ताट लांबून सरकवायची आणि म्हणायची, "घ्या महाराज." मी आशीर्वाद द्यायचो. पण गोळ्या थांबल्यावर आठवडाभरात थट्टा आटली. हात कोपरापर्यंत उकळत्या तेलात घालून उभं राहिल्यासारखं व्हायचं आणि मी हॉलमध्ये भिंतीला टेकून बसायचो. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. दारातून पुढे यायची नाही. एकदा यायला निघाली, अर्ध्यावर थांबली आणि परत फिरली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मला तिची दया आली होती.

तीन आठवडे पुरे व्हायला एक दिवस असताना तारळेकरांनी अर्ज दिला. साक्षीदार आजारी. तारीख पडली.

कोर्टात तारीख पडणं म्हणजे काय हे ज्याचं त्यालाच ठाऊक. पुढची तारीख महिन्याने होती, म्हणजे मधे गोळी घ्यायला सात-आठ दिवस मोकळे. बिरनाळेबाई म्हणाल्या, "घेऊ नका. आठ दिवस घेऊन पुन्हा सोडाल तर दुप्पट भोगाल. आणि सोवळं मोडलं तर आत्तापर्यंतचं सगळं पाण्यात." ऋजूने मान डोलावली. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मग दुसरी तारीख पडली. त्यांचा तज्ज्ञ परदेशात. मग तिसरी. दर वेळी तीन आठवडे भरत आले की तारळेकरांना काहीतरी सुचायचं. आमच्यासारखे लोक वैतागून गोळी घेतात आणि दावा आपोआप मरतो, हा हिशेब त्यांना पक्का माहीत होता. दिवाळी गेली. ऋजूने पाडव्याला मला ओवाळलं ते हात लांब करून, आरतीच्या ताटापलीकडून. थंडी पडली तसा हात आणखी पेटला. मार्चअखेरची मुदत जवळ येत चालली.

मी मागायला लागलो. आधी मस्करीत, मग गंभीरपणे, मग हात जोडून. खोटं कशाला सांगू, एक हात लोंबत असताना हात जोडता येत नाहीत. मी डावा हात छातीला लावून मागायचो. ती एकच बोलायची, "वकीलबाईंनी सांगितलंय." तिचा चेहरा कोरा असायचा. कोरा ठेवला नाही तर आपण देऊन टाकू, ही भीती तिला होती, हे मला कळत होतं. पण कळणं वेगळं. दुखणाऱ्या माणसाला समोर फक्त नाही म्हणणारं तोंड दिसतं. हळूहळू असं झालं की तिच्या स्कूटरचा आवाज आला तरी मला कळ यायची.

जानेवारीच्या अखेरीला तारीख लागली आणि न्यायाधीशबाईंनी तंबी दिली की आता कसलाही अर्ज ऐकणार नाही. चारच दिवस उरले होते. रविवार होता. ऋजू भाजी आणायला गेली होती आणि मला राहवेना.

मी कपाट उघडलं. तिथे तिच्या हळदीच्या नमुन्यांच्या बरण्या ओळीने ठेवलेल्या असतात, सांगलीची, वसमतची, सेलमची. मी कपडे उलथले, खण काढले, काही मिळालं नाही. मग डोक्यात आलं. बरणी उघडली आणि डावा हात कोपरापर्यंत आत घातला. पहिल्या बरणीत नाही, दुसरीत नाही. चौथ्या बरणीच्या तळाशी पाकीट लागलं. तोवर फरशी पिवळी, मी पिवळा. दातांनी पाकीट फाडलं आणि एक गोळी तोंडात टाकली. हळदीच्या कडू चवीसकट.

दारात पिशवी पडल्याचा आवाज झाला. ऋजू धावत आली, तिने माझा जबडा धरला आणि दोन बोटं माझ्या तोंडात खुपसली. मी चावलो. खरंच चावलो. तिने बोटं काढली नाहीत. गालाच्या आतून गोळी ओढून बाहेर काढली, पाकीट हिसकावलं आणि सगळ्या गोळ्या मोरीत टाकून नळ सोडला.

चार महिन्यांत तिने मला पहिल्यांदा हात लावला तो असा.

"तुला मी दुखायलाच हवाय," मी म्हणालो.

"हो, हवाय!" ती ओरडली. "दुखत राहा अजून चार दिवस! मेला नाहीस ना इतके दिवस? मग नाही मरत!"

मग ती त्या पिवळ्या फरशीवर बसली आणि रडायला लागली. बोटातून रक्त येत होतं. मी जवळ गेलो नाही. सोवळं होतं म्हणून नव्हे. मला जावंसं वाटलं नाही.

मोजणीच्या दिवशी माझ्या रक्ताचा अहवाल स्वच्छ आला. बिरनाळेबाईंनी मला बाजूला घेतलं. "ऐका मगदूम. ती हात धरेल तेव्हा काहीही करू नका. ट्रक आठवू नका, वाईट विचार आणू नका. खालची रेघ उठली तर सगळंच संपलं. नुसते बसा."

"आणि आकडा उतरला तर?"

"तर उतरला," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहराही उतरलेला होता.

कोर्ट भरलं होतं. एकटा बसलो असताना आकडा एक्क्याऐंशी आला. न्यायाधीशबाईंनी तो उतरवून घ्यायला सांगितलं. मग तारळेकर उठले आणि कोटाचं बटण लावत म्हणाले, "पत्नीला पुढे बोलवावं."

ऋजू आली. तिने निळी साडी नेसली होती आणि बोटाला पट्टी होती. माझ्याकडे न बघता ती स्टुलावर बसली, पडद्याकडे तोंड करून. तिने माझा डावा पंजा दोन्ही हातांत घेतला. हात गार होते. नखांच्या कडा तशाच पिवळ्या.

उतारावर उभ्या गाडीचा हँडब्रेक काढला की शिकाऊ माणूस जसा गाडी घरंगळायची वाट बघतो, तसा मी आकडा घरंगळायची वाट बघत होतो. पंधरा वर्षं या हाताने माझं दुखणं उतरवलं होतं. माझा ताप आणि माझ्या आईचं जाणं याच हाताने निभावलं होतं. आता चार महिन्यांचं भोगणं आणि पुण्याचं यंत्र, सगळं हा हात एका मिनिटात घालवणार होता. आणि मला काही करायची परवानगी नव्हती.

ऐंशी. मग एक्क्याऐंशी. मग ब्याऐंशी. पुन्हा एक्क्याऐंशी.

ऋजूचा अंगठा माझ्या तळव्यावरून फिरला, नेहमी फिरायचा तसा, करंगळीकडून वर. एक्क्याऐंशी.

"आणखी वेळ द्यावा," तारळेकर म्हणाले. वेळ दिला गेला. ऋजूने हात घट्ट दाबला. तिचे ओठ हलत होते, काय म्हणत होती कुणास ठाऊक. तिला आकडा उतरायला नको होता. मलाही नको होता. पण ती हात असा दाबत होती, जणू उतरावा. ब्याऐंशी.

"अर्जदार मुद्दाम काहीतरी करतोय," तारळेकर जवळजवळ ओरडले. "आठवणी काढून वेदना वाढवतोय! त्याशिवाय हे शक्यच नाही."

न्यायाधीशबाईंनी नाझनीनबाईंकडे बघितलं. त्यांनी पडद्याकडे बोट केलं, मान मात्र खाली होती. "खालची रेघ सपाट आहे, मॅडम. त्यांनी काहीही केलेलं नाही. नुसते बसलेत."

आम्ही जिंकलो. उपचाराचा, यंत्राचा, जन्मभराच्या देखभालीचा सगळा खर्च. बिरनाळेबाईंनी माझा खांदा थोपटला. झेरॉक्सवाल्याने पेढे आणले. लोक अभिनंदन करत होते आणि ऋजू त्या सगळ्यांकडे बघून हसत होती.

गर्दी पांगल्यावर आम्ही आवारातल्या बाकावर बसलो. ती बराच वेळ पट्टीचं टोक चाळवत राहिली.

"ट्रक आठवलास ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"तरीच," ती म्हणाली. "बरं केलंस."

पुण्याच्या हॉस्पिटलचा फोन फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आला. कंपनीची हमी त्यांना पोचली होती. "पुढच्या सोमवारी भरती व्हा," तिकडची मुलगी म्हणाली.

ऋजू समोर बसून माझ्यासाठी नवी गोळ्यांची पाकिटं डब्यात लावत होती. कोर्टापासून आम्ही एकमेकांशी फार चांगलं वागत होतो. पाहुण्यांशी वागतात तसं.

"पुढची तारीख मिळेल का?" मी फोनवर विचारलं.

ऋजूचे हात थांबले.

"पुढची म्हणजे? तुमची मुदत मार्चअखेर संपतेय सर. त्यानंतर डॉक्टर हात लावणार नाहीत."

"मार्चचा शेवटचा आठवडा चालेल?"

तिकडच्या मुलीने कुणाला तरी विचारलं आणि चालेल म्हणाली. वर हेही म्हणाली की तेव्हा काही कारणाने चुकलं तर मग इलाज नाही. मी बरं म्हणून फोन ठेवला.

"डोकं फिरलंय का तुझं?" ऋजू उभी राहिली. "इतकं भोगून आता तारीख वाढवून मागतोस? तारळेकर शिरला काय अंगात? चुकलं काही तर? कशासाठी मी…" तिने पट्टीचं बोट नुसतं वर केलं.

"कोर्टाबाहेर मी खोटं बोललो," मी म्हणालो. "ट्रक आठवला नव्हता. काहीच आठवलं नव्हतं."

"माहितीय. पडदा माझ्याच समोर होता की." ती खाली बसली. "मला वाटलं, तू म्हणतोयस तर आपण ते खरं धरून चालू."

"ते यंत्र बसलं की माझं दुखणं कायमचं शून्य. मग तू हात धरलास काय आणि नाही धरलास काय, शून्याचं शून्यच. तुझ्या हाताने पुन्हा उतरतं का, हे मला कधी कळणारच नाही, ऋजू. तुलाही नाही."

मला वाटलं, रागावून उठून जाईल. गेली असती तरी मी तिला चूक म्हटलं नसतं.

त्या दिवसापासून आमचं एक ठरलं आहे, न ठरवता. संध्याकाळची गोळी मी ती प्रयोगशाळेतून येईपर्यंत घेत नाही. ती येते, पाय धुते, चहा टाकते. मी भिंतीला टेकून बसलेला असतो आणि हात पेटलेला असतो. स्कूटरचा आवाज आला की अजूनही कळ येते, ती थांबलेली नाही. मग ती माझ्या डाव्या बाजूला येऊन बसते आणि पंजा हातात घेते. समोर पडदा नाही, आकडा नाही. मी खोटं बोललो तर पकडणारी खालची रेघही नाही.

काल तिने विचारलं, "काही फरक?"

हो म्हणणं सोपं होतं. ती दिवसभर उभं राहून दमून आली होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. चहा उतू गेल्याचा वास आला, तरी ती उठली नाही. अंगठा करंगळीकडून वर फिरत राहिला.

"उद्या बघू," ती म्हणाली, आणि हात तसाच धरून ठेवला.